दारफाळणीचा सण

कडी वाजली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. मी आतल्या खोलीत चटईवर बसले होते. अंगावर पांढरं लुगडं, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"नर्सबाई! ओ नर्सबाई!"

आवाज चांगुणाबाईंचा होता, शेजारच्या माळ्यांच्या. त्यांच्या आमच्या घरामध्ये फक्त एक मेंदीचं कुंपण. यमुना त्यांची सून.

"बाई, यमुनेचं रक्त थांबत नाही हो. पोरगी झाली, चांगली रडली, पण हिचं रक्त थांबत नाही. सुईणीनं हात टेकले. दार उघडा, बाई."

कडी पुन्हा वाजली. मग तळहातानं दार बडवल्याचा आवाज. त्या आणखी काहीबाही बोलत राहिल्या. मग पावलं वाजली आणि लांब गेली. माझ्या घरात परत सगळं शांत झालं.

ही गोष्ट एकोणीसशे बासष्ट सालची. मी तेवीस वर्षांची होते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. कधीकाळी आमचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत, म्हणून गावात अजूनही आम्हाला शनवार तेली म्हणायचे. योम किप्पूर हा आमचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. वर्षभराच्या पापांची देवाकडे माफी मागायचा. आमची जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणायची. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, कडक उपास करायचा, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. गावाला हे ठाऊक होतं. पोस्टमनसुद्धा आमची पत्रं दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा.

त्या दिवशी माझे यजमान आणि सासरे पहाटेच सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, गेले होते. मी जाऊ शकत नव्हते. मुलगी झाली की बाईनं ऐंशी दिवस सिनेगॉगची पायरी चढायची नाही, अशी आमच्यात रीत. मला मुलगी झाली होती. साठ दिवसांपूर्वी. ती रडलीच नाही. मी मुंबईला मोठ्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घेतलेली, शंभरावर बाळंतपणं केलेली, आणि माझं स्वतःचं मूल माझ्यासमोर निळं होऊन पडलं होतं.

पाचच्या सुमाराला माळ्यांच्या घरातून आकांत ऐकू आला. मी पुस्तक मिटलं नाही. पानावर बोट ठेवून तशीच बसून राहिले.

तारे दिसू लागल्यावर माणसं परतली. यजमान आत आले, पण आबा, म्हणजे माझे सासरे, रडणं ऐकून परस्पर कुंपणापलीकडे गेले. आबांचं नाव एलोजी झिराडकर. गावच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. आमच्या सिनेगॉगमध्ये तीस वर्षं प्रार्थना चालवायचे तेच. सत्तरीचा माणूस, पंचवीस तास उपाशी, तसाच शेजारी जाऊन बसला. मी त्यांच्यासाठी मनुकांचं सरबत करून ठेवलं होतं. ते घरी आले तेव्हा पेल्यावर झाकण तसंच होतं.

"रिबका," ते म्हणाले, "यमुना गेली."

"ऐकलं."

"चांगुणाबाई म्हणतात, त्या आपल्या दारी आल्या होत्या."

"हो."

"तू ऐकलंस?"

"हो, आबा."

"मग?"

"सण होता," मी म्हणाले.

आबा खाली बसले. सरबताचा पेला मी पुढं केला, त्यांनी तो घेतला नाही.

"पावसाच्या सुरुवातीला तू मला एक गोष्ट विचारली होतीस," ते म्हणाले. "आठवतं?"

आठवत होतं. शनिवारी दुपारी आबा तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, भाग वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगायचे. घरात ऐकणारी बहुधा मीच. तेव्हा मी सातव्या महिन्यात होते. मी विचारलं होतं, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी कुणी मला बाळंतपणाला बोलावलं तर काय करायचं? शब्बाथला तर काडी ओढायची नाही, काम करायचं नाही. आबा हसले होते. म्हणाले होते, "जायचं. धावत जायचं. दिवा लावायचा, पाणी तापवायचं, गाडी जुंपायची. तोरा म्हणते, या आज्ञा पाळून माणसानं जगावं. मरावं असं कुठं म्हटलंय? आणि आमचे जुने गुरू काय सांगतात, ठाऊक आहे? अशा वेळी शास्त्र विचारायलासुद्धा थांबू नये. जो विचारत बसला त्यानं रक्त सांडलं."

मी आता मान खाली घालून म्हणाले, "आबा, तुम्ही शनिवारचं सांगितलं होतं. दारफाळणीचं नव्हतं सांगितलं."

माझे यजमान दारात उभे होते. ते लगेच म्हणाले, "खरंच आहे, आबा. तिला काय कळणार? एवढा मोठा दिवस."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "खरंच नाही सांगितलं. मला वाटलं, एकाचं कळलं की दुसऱ्याचं कळेल. मास्तर होतो मी, रिबका. पोरांना एक गणित सोडवून दाखवायचो, तसलंच दुसरं त्यांना येईल असं कधी धरून चाललो नाही. इथं मात्र चाललो."

सरबत त्यांनी त्या दिवशी प्यायलंच नाही. पाणी प्यायले आणि पडून राहिले.

दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी आम्ही दानधर्म करतो, एकमेकांकडे जातो, बाहेरची माणसंही भेटायला येतात. सकाळी यमुनेला नेलं. दुपारी आबा मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

चांगुणाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर ती कालची पोर. वाटीतल्या गाईच्या दुधात कापसाची वात बुडवून त्या तिच्या ओठांवर पिळत होत्या. यमुनेचा नवरा कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आबा ओटीवर चढले नाहीत. खाली अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. सगळ्या गावाचे मास्तर.

"अहो, हे काय, मास्तर! वर या."

"मी माफी मागायला आलोय, चांगुणाबाई," आबा म्हणाले. "आमचा धर्म दार उघड म्हणतो. जीव जात असेल तर उपास नाही, सण नाही, काही नाही. हे माझ्या सुनेला मी शिकवायला हवं होतं. मी शिकवलं नाही. चूक तिची नाही, माझी आहे."

चांगुणाबाईंनी वात वाटीत ठेवली. "उठा, मास्तर. तुमचा मोठा सण, ठाऊक असून मीच कडी वाजवली. पोरीनं तिचा धर्म पाळला. तिला काय बोल लावायचा?"

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दाराच्या अलीकडे मी होते, पलीकडे त्या. तिथं काय बोलणं झालं ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मला वाटलं, आता सांगतील. पण त्यांनी नजर काढून घेतली आणि पुन्हा वात पिळायला लागल्या.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. आबा माझ्या पायांपाशी जमिनीवर बसले होते. माझं तोंड उघडलं नाही.

पुढच्या शनिवारी आबांनी सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून तेच सांगितलं. म्हणाले, आपण दार लावतो ते जगाच्या गडबडीसाठी, कुणाच्या जिवासाठी नाही. माझ्या घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून एक बाई गेली. ज्याला आपल्या घरात शिकवता आलं नाही त्यानं तुमच्यापुढं उभं राहून प्रार्थना चालवू नये. त्या दिवसापासून ते मागच्या बाकावर बसायला लागले. लोकांनी पुष्कळ समजावलं. ते ऐकायचे, हसायचे आणि मागं जाऊन बसायचे. तीस वर्षं ज्यांच्या आवाजावर आमचे सण झाले ते आबा इतरांच्या मागून हळू आवाजात आमेन म्हणायचे.

आणि आमच्या बायका मला म्हणायच्या, "रिबका, तुझ्या उपासाची कमाल गं. दार बडवलं तरी हलली नाहीस."

ऐंशी दिवस झाले. मी पुन्हा कामाला लागले, बाळंतपणं करायला लागले. कुणी कधीही बोलावलं तरी जायची, अगदी योम किप्पूरलाही दोनदा गेले. लोक म्हणायचे, सासऱ्यांनी शिकवलं आणि सून शिकली. पुढं मला दोन मुलगे झाले.

आबा रोज सकाळी तांब्याभर दूध घेऊन माळ्यांकडे जायचे. त्या पोरीचं नाव शेवंती ठेवलं. ती चालायला लागली तेव्हा आबांचं बोट धरून चालली. मुळाक्षरं ती आमच्या पडवीत शिकली. चांगुणाबाई शेवंती सहा वर्षांची असताना गेल्या. मरताना त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. माझा हात धरला, पण बोलल्या फक्त शेवंतीबद्दल. "मास्तर आहेत म्हणून काळजी नाही," एवढंच. त्यांच्याशीही मी काही बोलले नाही.

आबा पंचाहत्तर साली गेले. दुसऱ्या वर्षी आम्ही इस्राएलला गेलो, दिमोनाला. तिथं मी म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी केली. यजमान गेले, मुलगे मार्गी लागले. दर वर्षी योम किप्पूर यायचा. सिनेगॉगमध्ये छाती पिटून आम्ही सगळे पापं मोजायचो, आणि मला आबांनी सांगितलेलं आठवायचं. देवाचा गुन्हा देव माफ करतो. माणसाचा गुन्हा त्या माणसानंच माफ करावा लागतो, तिथं देवाला हात घालता येत नाही.

यमुना गेली होती, चांगुणाबाई गेल्या होत्या, आबा गेले होते. उरली होती एकटी शेवंती.

ब्याण्णव साली मी परत कोकणात आले. शेवंतीला शेजारच्या गावात दिली होती. अंगणवाडीत शिकवायची. नारळीपोफळीची लहानशी वाडी, पुढं अंगण. मला पाहून ती धावतच आली.

"काकी! अगं बाई, किती वर्षांनी!"

एकोणतीस वर्षांची, हुबेहूब यमुनेसारखी. तिनं मला खुर्ची दिली, चहा आणला, पोहे केले. मुलगा शाळेत गेला होता, नवरा अलिबागला. बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या घरातलं कुणी आलं की बरं वाटतं. माझं माहेर म्हणजे तुमची पडवीच."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"शेवंती, मला तुला काही सांगायचं आहे. तुझ्या आईचं."

"दाराचं ना?" ती म्हणाली. "ठाऊक आहे मला. जाऊ दे ना, काकी. तुमचा सण होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मला ठाऊक होतं."



मी सगळं सांगितलं. माझी मुलगी जन्मतःच मेली, तेव्हा तुझी आई पोटुशी होती. ती कुंपणाशी माझ्यासाठी पेज घेऊन आली. तुझ्या आजीनं तिला दंडाला धरून ओढलं. मोठ्यानं म्हणाली, मेल्या पोरीच्या आईची सावली नको पोटावर. आणि हिच्या बाळंतपणाला त्या नर्सला बोलवायची नाही, सांगून ठेवते. पेज अंगणात सांडली. तुझी आई रडायला लागली. मी ओल्या बाळंतपणात खिडकीत उभी होते.

"आजी बोलायची तसं," शेवंती हळूच म्हणाली. "तिची जीभ वाईट होती."

"त्या दिवशी कडी वाजली तेव्हा मी उठले होते, शेवंती. पहिल्या हाकेलाच उठले. माझी पिशवी खुंटीला होती, ती घेतली. रक्त थांबवायचं इंजेक्शन पिशवीत होतं, ते मी हातानं चाचपून पाहिलं. दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. आणि तुझी आजी बाहेरून म्हणाली, 'माझ्या तोंडाला किडे पडोत, बाई. मी तुम्हाला बोलले, चुकले. तुमच्या पाया पडते, दार उघडा.'"

"मग?"

एवढी वर्षं हे मी कुणाला, अगदी यजमानांनाही सांगितलं नव्हतं.

"मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं."

शेवंतीनं पदर तोंडावर धरला.

"मी थांबले. म्हटलं, म्हणू दे अजून एकदा. मग उघडते. ती म्हणाली नाही. तिला वाटलं असेल घरात कुणी ऐकत नाही. निघून गेली. मला वाटलं, परत येईल. मी पिशवी हातात घेऊन दाराशी उभी राहिले. मी तिच्यामागं जाऊ शकले असते. कुंपणाएवढं तर अंतर. नाही गेले. मग पिशवी खुंटीला लावली आणि आत जाऊन बसले. सण माझ्या मनातही नव्हता. आबांनी विचारलं तेव्हा तो आठवला."

वाडीत कुठंतरी रहाटाचा आवाज येत होता. शेवंतीनं विचारलं, "किती वेळ?"

"काय?"

"आत किती वेळ उभ्या होतात?"

"ती असताना दोन मिनिटं. फार तर तीन."

"बरं," ती म्हणाली.

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, काही तरी उचलून पुन्हा ठेवल्यासारखा. मी तयारी करून आले होते. ती मला शिव्या देईल, हाकलून देईल, किंवा रडेल आणि मग कधीतरी म्हणेल, जाऊ दे. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"म्हणजे आबांची काहीच चूक नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं?"

"मी कधी सांगितलं नाही."

ती खांबाला धरून खाली बसली.

"आईला मी पाहिलंच नाही, काकी," ती म्हणाली. "तिच्यासाठी रडू म्हटलं तरी काय आठवून रडू? पण आबा... मी बारा वर्षांची होते. आमच्या आत्यानं मला सांगितलं, ज्या म्हाताऱ्याच्या मागं मागं फिरतेस ना, त्याच्याच धर्मापायी तुझी आई मेली, त्यानं स्वतः तसं कबूल केलंय. दुसऱ्या दिवशी आबा दूध घेऊन आले. मी तांब्या त्यांच्या हातून घेतला आणि अंगणात ओतला. म्हटलं, तुम्ही माझ्या आईला मारलंत. तुमचं काही नको मला. परत येऊ नका."

मला हे ठाऊक नव्हतं. आबांनी घरात काही सांगितलं नव्हतं. एक दिवस ते दूध घेऊन जायचे थांबले. आम्हाला वाटलं, आता पाय चालत नाहीत म्हणून.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"'खरं आहे, पोरी,' म्हणाले. तांब्या उचलला आणि गेले. चार महिन्यांनी वारले. मी मातीला आले नाही."

आता ती रडायला लागली. लहान मुलासारखी, हुंदके देऊन. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिनं खांदा बाजूला घेतला. रागानं नाही, अंगावर काही पडलं तर घ्यावा तसा.

मी म्हणाले, "माझी चूक, शेवंती. तुझी नाही. तू पोर होतीस."

"हे मला आज सांगायला आलात," ती म्हणाली. "सतरा वर्षं झाली त्यांना जाऊन. तुम्ही माफी मागायला आलात, ती मागितलीत. मी कुणाकडे जाऊ?"

दिमोनाहून निघताना, विमानात, एस.टी.त, मी फक्त माझं ओझं पाहिलं होतं. ते कुणाच्या अंगावर उतरवायला चालले आहे हे माझ्या मनात आलं नव्हतं. त्या दिवशी दाराशी उभी असतानाही मी अशीच फक्त माझं ऐकत होते.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "कबर कुठं आहे त्यांची?"

"खाडीकडे जाताना आमचं कबरस्तान लागतं. चल, मी दाखवते."

"नको. नुसतं सांगा."

मी सांगितलं. पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला दगडांचा गडगा, त्याला लाकडी फाटक. आत गेल्यावर तिसरी रांग. वर हिब्रूत लिहिलंय, खाली मराठीत नाव आहे.

"तुमच्यात फुलं चालतात?"

"चालतात."

तिनं परसातून थोडी फुलं तोडून पदरात घेतली. मीही उठले, पिशवी खांद्याला लावली.

"तुम्ही नका येऊ, काकी," ती म्हणाली. आवाज शांत होता. "चहा घ्या. गार झाला असेल."

ती अंगण ओलांडून गेली. अंगणाच्या गडग्यापाशी जाऊन थांबली आणि वाकली. मला वाटलं, आता वळेल, काहीतरी म्हणेल. ती चपलेचा पट्टा ओढून घेत होती. तो नीट झाल्यावर ती खाडीच्या रस्त्यानं चालू लागली.